जुन्या मारुती ८०० च्या वायपरचं नुसतं रबर बदलायचं आहे, मदत हवी (नाशिक)

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९९८ ची मारुती ८०० आहे. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा चांगला आहे आणि गाडी विकायचा विषय घरात कोणी काढत नाही. वडील सत्तरीचे आहेत, पण गाडी तेच चालवतात. घोटीजवळ आमची शेती आहे, त्यामुळे भाताच्या लावणीपासून इंदिरानगर ते घोटी अशी ये-जा सुरू होते. इथे नाशिकात नुसती भुरभुर असते आणि वाडीवऱ्हे ओलांडलं की धो धो.

ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर वर जाताना काच स्वच्छ पुसतो. खाली येताना मात्र थडथडतो आणि नेमका डोळ्यांसमोर बोटभर रुंदीचा पट्टा ओला सोडतो. रात्री समोरून ट्रकचा उजेड आला की तो पट्टा असा चमकतो की पुढचा रस्ता दिसेनासा होतो. मला खरी काळजी त्याचीच आहे. डाव्या बाजूचा बरा आहे, पण त्याचंही रबर टोकाला चिरलंय.

वायपरची लोखंडी फ्रेम मूळची आहे. गंज नाही, सांधे ढिले नाहीत. दुकानात गेलो तर "रबर आता कोण बदलतं, अख्खा सेट घ्या" म्हणाले. त्यांनी दाखवलेला पातळ, बिनफ्रेमचा वायपर आमच्या वायपरच्या दांडीच्या हुकमध्ये हलत होता, म्हणून घेतला नाही. चांगली फ्रेम फेकून द्यायची माझी तयारी नाही. सुटं रबर नाशिकमध्ये मिळतं का? घेताना काय बघायचं? आणि रबर बदलल्यावर ही थडथड नक्की जाईल का, की दोष दुसरीकडेच आहे?

प्रतिसाद १

फ्रेम चांगली आहे ना, मग नुसतं रबरच बदला दादा. मॉलसारख्या ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊ नका. द्वारका, मुंबई नाका भागात जी जुनी स्पेअर पार्टची दुकानं आहेत, टेम्पो-ट्रकचा माल ठेवणारी, तिथे "वायपरचं रिफिल" असं म्हणून विचारा. जुनं रबर सोबत न्या. लांबीची फिकीर नको, जास्तीचं कात्रीने कापता येतं. बघायची ती रुंदी, म्हणजे फ्रेमच्या नख्या ज्या खाचेत बसतात तो भाग. तो रुंद असेल तर आत जाणार नाही, अरुंद असेल तर चालत्या गाडीत निसटेल.

रबराच्या दोन्ही अंगांना स्टीलच्या बारीक पट्ट्या असतात. नव्या रबरासोबत त्या आल्या नाहीत तर जुन्याच काढून वापरा. त्यांना किंचित बाक असतो, तो काचेच्या गोलाईप्रमाणेच आला पाहिजे. उलट्या बसल्या तर टोकं काचेला नीट टेकत नाहीत. रबराचं लॉकचं टोक कुठल्या बाजूला आहे, याचा जुनं काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आणि एक गोष्ट विसरू नका. ब्लेड काढल्यावर नुसती दांडी उभी ठेवायची वेळ आली तर काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. स्प्रिंगने दांडी आपटली की काचेला तडा जातो.

प्रतिसाद २

थडथडीबद्दल सांगतो, कारण फक्त रबर बदलून ती जाईलच असं नाही. वायपर दिशा बदलतो तेव्हा रबराची धार दुसऱ्या अंगाला पडली पाहिजे. गाडी उन्हात उभी राहून रबर कडक झालं की धार एकाच बाजूला वळलेली राहते. मग जाताना पुसतो, येताना उड्या मारतो. तुमची लक्षणं तशीच आहेत.

पण नव्या रबरानंतरही तसंच राहिलं तर दांडी पिळली गेली असणार. काच ओली करा, वायपर चालू करा आणि तो काचेच्या मध्यावर आला की चावी बंद करा. बाजूने वाकून बघा. ब्लेड काचेवर काटकोनात उभं दिसलं पाहिजे. एका अंगाला कललेलं असेल तर ब्लेड काढून, दांडीला फडकं गुंडाळून पान्याने अगदी थोडी पिळून सरळ करायची. दांडीची स्प्रिंगही दाबून बघा. ड्रायव्हरच्या बाजूची डाव्यापेक्षा स्पष्ट ढिली लागली तर दांडीच बदलावी लागेल.

प्रतिसाद ३

गाडी झाडाखाली लावता का? आमच्याकडे गंगापूर रोडला आंब्याखाली लावतो. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा काचेवर पडतो, दिसत नाही, पण नवंकोरं रबरसुद्धा त्यावर करकरतं.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, अगदी बरोबर, बिल्डिंगमागे आंबाच आहे! गाडी रोज पाण्याने धुतो, मग तो चिकटा राहतो का? आणि वडील म्हणतात की रबराला थोडं खोबरेल लावलं तर मऊ राहील. लावू का?

प्रतिसाद ३

नुसत्या पाण्याने निघत नाही हो. कोमट पाण्यात कार शाम्पू घालून स्पंजने काच घासा, भरपूर पाण्याने धुवा, वाळल्यावर स्पिरिटने पुसा. पाणी थेंबाथेंबाने न राहता सलग पसरायला लागलं की काच स्वच्छ झाली.

काकांना सांगा, खोबरेल नको. कुठलंच तेल नको, डिझेलही नको. तेलाने रबर फुगतं आणि काचेवर तवंग येतो, मग रात्री अजूनच चमकेल. ओल्या सुती फडक्याने धार हलक्या हाताने पुसली की पुरे. पहिल्यांदा थोडं काळं निघेल, पण ते घासून घासून काढत बसू नका, रबर घसरावं म्हणून त्यावर ग्रॅफाइटचा थर दिलेला असतो.

प्रतिसाद १

शिवाय धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवू नका, आधी पाण्याची फवारणी. फवारणीचं भोक बुजलं असेल तर बारीक सुईने मोकळं करा. दोन्ही बाजूंची रबरं एकदमच बदला, आणि शक्यतो मृगाच्या आधी. पहिला पाऊस झाला की दुकानांत आपल्या मापाचं सुटं रबर मिळणं अवघड होतं.