बायपासनंतर घरी आलेल्या रुग्णाला तातडीने कधी न्यावे?

नमस्कार. माझ्या वडिलांची (वय 68, जुना मधुमेह) पुण्यात बायपास शस्त्रक्रिया झाली असून आज सोळावा दिवस आहे. आम्ही कऱ्हाडजवळच्या गावी राहतो. शस्त्रक्रियेचे रुग्णालय इथून तीन-साडेतीन तासांवर असल्यामुळे कोणत्या तक्रारीसाठी रात्रीच निघावे आणि कोणती सकाळपर्यंत थांबू शकते, हे आम्हाला नेमके समजून घ्यायचे आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘त्रास झाल्यास संपर्क साधावा’ एवढेच लिहिले आहे.

मोठी अडचण अशी की बाबा स्वतःहून काहीच सांगत नाहीत. विचारले की ‘जरा दमलोय, बाकी बरा आहे’ म्हणतात. म्हणून मी वहीत रोज सकाळी चहाच्या आधी घेतलेले वजन, दोन वेळचा ताप, नाडी आणि साखर लिहून ठेवतो. ताप नाही. वजन तीन दिवसांत 61.2 वरून 61.9 किलो झाले आहे. ज्या डाव्या पायातली शीर काढली तो घोट्यापाशी सुजतो, मोजा काढल्यावर त्याचा वळ बराच वेळ तसाच राहतो. मात्र पाय उशीवर ठेवला की सकाळपर्यंत सूज पुष्कळ उतरते.

कालपासून एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. उशी छातीशी धरून खोकताना त्यांच्या छातीच्या हाडातून ‘कट्’ असा आवाज येतो, आणि तो शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आला. दुखत नाही म्हणतात. तपासणी पुढच्या गुरुवारी आहे; तोवर थांबावे का?

प्रतिसाद:
थांबू नका, आजच रुग्णालयाला फोन करून हा आवाज कळवा. मी हृदयशस्त्रक्रिया विभागात अनेक वर्षे परिचारिका होते. छातीचे हाड तारांनी बांधलेले असते आणि ते सांधायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. आवाज येत असेल तर ते हलत असण्याची शक्यता असते, आणि मधुमेहात तिथे जंतुसंसर्गाची भीती अधिक. टाक्यांभोवती लाली, पू किंवा 100.4 अंश फॅरनहाइटच्या वर ताप दिसला तर त्याच दिवशी न्या. उठताना त्यांना हातांवर भार देऊ देऊ नका.

शीर काढलेल्या पायाची, वर ठेवल्यावर उतरणारी सूज नेहमी दिसते. परंतु दोन्ही पाय सुजले, एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वजन वाढले, किंवा आडवे झाल्यावर धाप लागली, तर शरीरात पाणी साठत असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. नाडी एकाएकी जलद आणि अनियमित झाली तरी तसेच करा.

छातीत आवळून येणे, बसूनही दम लागणे, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास 108 ला फोन करा आणि जवळच्या अतिदक्षता विभागात न्या. अशा वेळी पुण्याचा आग्रह धरू नका.

आणि बाबांना ‘बरे आहे का’ असे विचारू नका. ‘रात्री किती उशा घेतल्या’ असे विचारा.

धागाकर्ता:
फोन केला, उद्या सकाळी या म्हणाले. मग बाबांना उशांबद्दल विचारले, तेव्हा परवापासून दोन उशा लागतात आणि सपाट झोपले की गुदमरते, असे निघाले. तेही कळवल्यावर आजच निघायला सांगितले आहे. गाडी दारात आली आहे, कार्ड आणि वही सोबत घेतली आहे.