मदत हवी आहे: ॲल्युमिनियम होडीसाठी कापलेलं किट मागवावं की नुसती कटिंग फाइल घ्यावी?

मंडळी, घर जयगड खाडीकाठी. मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) १८ फुटी उघडी होडी बांधायचा बेत आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. मासेमारीचा धंदा नाही. खाडीत फिरायला आणि समुद्र शांत असेल तेव्हा जरा बाहेर. फायबर का नाही, हे कोणीतरी विचारणारच. आमच्याकडे ओहोटीला होडी कातळावर बसते. ५०८३ चा (समुद्रात वापरायच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा) पत्रा चेपतो, पण सहसा फुटत नाही. शिवाय वेल्डिंग येतं, आवडतं, आणि रेझिनचा वास सोसत नाही.

परदेशातल्या एका डिझायनरचा आराखडा पसंत आहे. तो कापलेले, नंबर घातलेले पत्रे पाठवतो, किंवा नुसती डीएक्सएफ फाइल (कटिंग मशीनला द्यायचं संगणकावरचं रेखाटन) देतो, एकच होडी बांधायच्या परवानगीसह. किट घेतलं तर जहाजाचं भाडं, कस्टम, मग न्हावाशेवाहून मुंबई-गोवा हायवेने ट्रक (त्या रस्त्याबद्दल काही बोलत नाही). म्हणून मन फाइलकडे झुकतंय. लेझर कटिंग कोल्हापुरात करून आंबा घाटातून खाली आणता येईल.

अडतंय ते इथे. फाइलमधले भाग ८ बाय २० फुटांच्या पत्र्यांवर मांडलेले आहेत. मला चौकशीत मिळाले ते १२५० बाय २५०० आणि १५०० बाय ३००० मिमीचे. म्हणजे तळाचा प्रत्येक पत्रा जोडावा लागणार. तो जोड कुठे घ्यायचा? दुसरं, तळ ३/१६ इंचाचा, म्हणजे ४.७६ मिमी, आपल्याकडे सरळ ५ मिमी. फ्रेम (होडीच्या फासळ्या) आणि आडव्या पट्ट्या एकमेकांत अडकवायच्या खाचा ४.७६ धरून काढलेल्या. ठोकून बसवायचं की फाइल बदलून घ्यायची? कोणी अशी फाइल इथे कापून घेतली आहे का?

प्रतिसाद
फायबर कर नि मोकळो हो. मालवणात सगळे तेच करतत.

प्रतिसाद
वरच्या भाऊंचं म्हणणं स्वस्ताईच्या दृष्टीने खरंच आहे, पण धागा धातूचा आहे म्हणून लिहितो. मी फॅब्रिकेशनमध्ये आहे.

पत्र्यांवरची मांडणी डिझायनरकडून घेऊच नका. सुटे भाग मागा, ते देतात. मग कटिंगवाला त्याच्या पत्र्यावर आपली मांडणी करतो. लांब पत्र्याचा जोड फ्रेमवर येऊ देऊ नका आणि दोन फ्रेमच्या मधोमधही नको. फ्रेमपासून साधारण पाव अंतरावर घ्या, तिथे वाकण्याचा ताण सर्वांत कमी असतो. डावा-उजवा जोड समोरासमोर नको, मागेपुढे ठेवा. आणि जोड सपाट जमिनीवरच, पत्रा होडीवर ओढण्याआधी मारा. पण कुठे तोडायचं ते डिझायनरला दाखवून त्याच्या होकारानेच. आराखडा त्याचा आहे.

खाचा ठोकून बसवू नका, फ्रेम वाकडी होते. ढील किती ठेवली आहे ते विचारा आणि ५ मिमीसाठी खाचा बदलून घ्या. वजन तळापुरतं ५ टक्के वाढेल, ते चालतं. कटिंगवाल्याला आधी विचारा की लेझरच्या किरणाने कापताना जळून जाणाऱ्या रुंदीची भरपाई त्याची मशीन करते की फाइलमध्ये धरलेली आहे. दोन्हीकडून झाली तर खाच पुन्हा चुकते. फाइल इंचात असेल आणि मशीनने मिमी समजून उघडली, तर तुमची होडी टेबलावर ठेवायच्या मापाची येईल, २५.४ पट लहान! म्हणून पूर्ण काम देण्याआधी त्याच पत्र्याच्या तुकड्यात एक खाच आणि १०० मिमीचा चौकोन कापून व्हर्नियरने मोजा.

पत्रा घेताना मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याचा तपासणी दाखला) आणि पत्र्यावरचा हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) जुळवा. ५०८३ मागितलं की ‘५०५२ घ्या, तेच आहे’ असं सांगणारे भेटतील. खाऱ्या पाण्यात ५०५२ टिकतं, पण ताकदीला कमी. ६०६१ चा पत्रा तर तळाला नकोच, वेल्डजवळ त्याची ताकद बरीच उतरते.

प्रतिसाद
एक भर. फाइल हातात आली की सगळे पत्रे १:१० मापात प्रिंट करून कार्डशीटमधून कापा आणि चिकटपट्टीने जोडा. ५५ सेंटिमीटरची होडी होईल. नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) कागद सुरकुतला तर पत्रा तिथे सरळ वळणार नाही, हे पैसे घालायच्या आधी कळतं. आणि वेल्डिंग पावसाळ्यात काढू नका. दमट पत्र्यावर वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात. खाडीचा वाराही वेल्डला झाकणारा आर्गॉन वायू उडवतो, मांगराला ताडपत्री लावा.

धागाकर्ता
आभार दादा, खाचांचा आणि मांडणीचा प्रश्न सुटला. डिझायनरला सुट्या भागांसाठी मेल टाकतो. आता एकच: लेझरने कापलेली ५ मिमीची कड वेल्ड करण्याआधी नुसत्या स्टीलच्या ब्रशने साफ केली तर पुरते, की किती मिमी कानशीने घासून काढावी लागते? आणि खालून रंग कुठला लावता? तांब्याचा रंग ॲल्युमिनियमला खातो एवढं माहीत आहे, पण बाजारात तोच जास्त दिसतो.