पेठ सोडा म्हणणं सोपं आहे

मुखेडकर:
काल इथे एकाने लिहिलं की पुण्यात स्वस्त खोल्या पुष्कळ आहेत, पोरांनाच सदाशिव-नारायण पेठेचा हट्ट. शहराच्या कडेला धायरी-आंबेगावला गेलं तर निम्म्यात भागतं. वाचून डोकं फिरलं. स्पर्धा परीक्षेची पोरं पेठेत राहतात कारण क्लास, मेस, अभ्यासिका सगळं पायी होतं. अभ्यासिकेतून रात्री अकराला उठल्यावर धायरीची बस कोण आणून देणार? गाडी घेतली की भाड्यात वाचलेले पेट्रोलात गेले. आमच्या खोलीत चार कॉट, खिडकी एक, तीही डक्टमध्ये उघडते. कॉटमागे साडेतीन हजार. धाकटा भाऊ डिग्रीला आहे, त्याला सरकारची स्वाधार योजना आहे, वसतिगृह न मिळालेल्या मुलांना जेवणा-राहण्याचे पैसे देणारी. पुण्यासाठी वर्षाचे ६०,०००, त्यातले राहण्याचे २०,०००. भागा बाराने आणि सांगा कुठली कॉट मिळते.

नारायणपेठी:
ते मीच लिहिलं होतं, आजही तेच म्हणेन. वाड्यातल्या दोन खोल्या मी भाड्याने देतो. मागची मुलं परीक्षा झाल्यावर न सांगता गेली, थकलेलं लाइटबिल माझ्या गळ्यात. भिंतीवरचे नकाशे काढले तर चिकटपट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा हातात आला. मला पेन्शन नाही, आईची औषधं याच भाड्यावर चालतात. मालक म्हणजे लुटारू, हे बंद करा आता.

कर्वेनगरची:
रंगाचा विषय काढलात, बरं झालं. माझ्या डिपॉझिटमधून पाच हजार रंगकामाचे कापले. पुढच्या मुली राहायला आल्या तेव्हा बघून आले, भिंत तीच, कोपऱ्यातला ओलीचा डागही तोच. पावती नाही, नोंदवलेला करार नाही. भांडायचं कशाच्या जोरावर?

नारायणपेठी:
मग मुलांनीच नोंदवावा की करार. आम्ही कुठे अडवलंय?

लॉची शेवटची वर्षवाली:
काका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क पाव टक्का. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो.

नारायणपेठी:
कायदा मला शिकवू नका. कलम २४ आहे ना, मुदतीनंतर न हलणाऱ्याकडून दुप्पट भाडं? वसूल करायला कोर्टात कोण जाणार, तुम्ही? वडिलांच्या काळातले भाडेकरू आमच्या वाड्यात अजून चाळीस रुपये देतात. वडील तारखा करत गेले, आता मी करतोय. हे भोगलेला माणूस नव्या पोराला खोली देताना दहादा विचार करणारच.

लॉची शेवटची वर्षवाली:
ते जुने भाडेकरू, हे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. दोन्ही एका मापाने मोजू नका. तुमच्यावर अन्याय झालाय, मान्य. पण कलम २४ खाली लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानतात. पोरं खोली खाली करणार नाहीत ही भीती आहे म्हणता, तर कागद तुम्हालाच हवा.

कर्वेनगरची:
करार नंतर, आधी खोली तरी दाखवा! फोनवर पहिला प्रश्न आडनाव, मग गाव, मग नॉनव्हेज. मैत्रिणीचं नाव ऐकल्यावर "कालच गेली" म्हणाले. तासाभराने मी फोन केला तर तीच खोली रिकामी. याला कलम कुठलं लावायचं?

नारायणपेठी:
मी आडनाव विचारत नाही.

मुखेडकर:
आणि "फक्त शाकाहारी" लिहिता की नाही?

नारायणपेठी:
लिहितो. खोली आईच्या देवघराला लागून आहे. त्यावरून मला जातीयवादी ठरवायचं असेल तर माझं बोलणं संपलं.

कर्वेनगरची:
तुम्हाला कोणी ठरवलं नाही. पण दारातून परत जाणाऱ्या मुलीला तुमचं देवघर दिसत नाही, तिला फक्त नकार दिसतो.

नारायणपेठी:
नोंदणीचं तेवढं पटलं, पुढच्या मुलांपासून करीन. खर्च निम्मा-निम्मा, आणि विजेला सबमीटर.

मुखेडकर:
सबमीटर आम्हालाच हवाय, फक्त युनिटचा दर महावितरणचा लावा, मनाचा नको. पण तुमच्या दोन खोल्यांनी किती जणांचं भागणार? आम्हा स्पर्धा परीक्षावाल्यांचं नाव कुठल्याच कॉलेजात नसतं, म्हणून वसतिगृहाच्या यादीतही नसतं. लांब राहायलाही तयार आहे मी. अकरानंतर धायरीला बस सोडा, या महिन्यात खोली बदलतो.