लॉनवरचा पाला जाळू नका, रविवारी ठरवून टाकू

ए-१०२ : काल संध्याकाळी परत सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत पाला पेटवला होता. आईला दम्याचा त्रास आहे. रात्रभर खिडक्या लावून बसलो. कृपया हे बंद करा.

सेक्रेटरी : सांगितलंय काका माळीदादांना. पण बदाम आणि पिंपळ एकदमच गळतायत. एवढा पाला ठेवायचा कुठे?

बी-३०३ : ब्लोअर घेऊ या. पटकन काम होईल.

सी-५०१ : दादा, ब्लोअर पाला एका कडेला नेतो, उचलावा तर हातानेच लागतो. शिवाय धूळ आणि आवाज. आपल्याकडे गवत कापायचं यंत्र, मोव्हर आहे, त्याची मागची पिशवी चेन तुटली म्हणून स्टोअरमध्ये पडून आहे. ती शिवून घ्या. पातं वरच्या खाचेत ठेवून सुक्या पाल्यावरून मोव्हर फिरवला की पाला बारीक होतो आणि गवताबरोबर पिशवीत जमा होतो. बदामाचं पान जाड, अख्खं टाकलं तर लवकर कुजत नाही, म्हणून बारीक करणं महत्त्वाचं. सकाळी दव असताना मात्र नको, ओला पाला पात्याला चिकटतो. ऊन वर आल्यावरच करा.

आणि माळीदादांना खराटा वापरायला लावू नका. आज गेटजवळ बघितलं, खराट्याच्या ओढीने गवत मुळासकट निघून मातीचे पट्टे पडलेत. बारीक दातांचं दाताळं आणि एक ताडपत्री द्या. पाला ताडपत्रीवर ओढायचा, चार टोकं धरून न्यायचं. त्यांची पाठ तरी वाचेल.

सेक्रेटरी : जाळण्यावर दंडही आहे ना?

सी-५०१ : हो. हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साधा दंड ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार.

बी-३०३ : पण पाल्या-गवताचं खत करायला खड्डा केला तर वास येईल, डास होतील.

सी-५०१ : नुसत्या हिरव्या गवताचा ढीग लावला तर येतोच वास. ताज्या गवतात पाणी आणि नत्र जास्त, ते दबून आंबतं. सुक्या पाल्यात कार्बन जास्त, तो एकटा महिनोन्‌महिने तसाच राहतो. दोन्ही मिसळले की काम होतं. तीन घमेली पाल्याला एक घमेलं गवत, वरून थोडं शेणपाणी. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच हवी. ढीग लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून ३ फूट तरी हवा, नाहीतर आत गरम होत नाही. दर आठ-दहा दिवसांनी उलटायचा. वास आला तर सुका पाला वाढवायचा. डासांना साचलेलं पाणी लागतं, ते इथे नसतंच.

ए-४०४ (आजोबा) : दिंडोरीला आमच्या द्राक्षबागेत छाटणीच्या काड्या बारीक करून बोदावरच, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंचवट्यावर पसरतो. उन्हाळ्यात ओल टिकते. इथेही थोडा पाला झाडांच्या आळ्यात टाका, सगळा खड्ड्यात कशाला?

सी-५०१ : अगदी बरोबर आजोबा. बुंध्याला चिकटू न देता टाकायचा. आणि पालागळ संपली की आठवड्याला मोव्हर फिरवताना पिशवी काढून ठेवा. गवत नियमित, थोडंथोडं कापलं तर कातरण तिथेच मुरतं, युरिया कमी लागतो. फक्त तणनाशक फवारलेलं गवत खतात नको, कुंड्यांतली रोपं जातात.

ए-१०२ : ताई, तुम्ही असाल तर रविवारी मी येतो. ताडपत्री माझ्याकडे आहे.

सेक्रेटरी : चालेल. साडेनऊला मागच्या गेटपाशी. पिशवी मी आजच शिवायला देतो. दाताळं कोणाकडे आहे का?