फिट्झजेराल्डची पत्रं वाचायची तर कुठून सुरुवात करू?

निवांत_पाटील
मंडळी, माधव ज्युलियनांची 'द्राक्षकन्या' वाचून झाली, मग ती ज्याच्यावरून केली त्या एडवर्ड फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रुबाया (फारसी कवी उमर खय्यामच्या चार-चार ओळींच्या कवितांचा त्याने केलेला अनुवाद) वाचल्या आणि आता रुबाया बाजूलाच राहिल्यात, हा माणूसच डोक्यात बसलाय. घरचा गडगंज, नोकरी-बिकरी कधी केली नाही, इराण जन्मात पाहिला नाही, सगळं आयुष्य सफोकमधल्या वुडब्रिजच्या आसपास काढलं. असल्या माणसाला फारसीचा नाद कुठून लागला? १९८० साली निघालेले पत्रांचे चार जाडजूड खंड लायब्ररीत दिसले, ते वाचण्यालायक आहेत का चाळून ठेवून द्यावेत? आणि रुबायांचं पुस्तक आधी रद्दीच्या भावात गेलं होतं म्हणतात ते खरं का?

जुनं_बाड
पाटील, वाचाच. पण पहिल्या खंडापासून शहाण्या मुलासारखे सुरू करू नका, थॅकरे-टेनिसन वगैरे तरुणपणातली लेखक-कवी दोस्तमंडळी नंतर भेटतीलच. सरळ १८५६ ते ५९ उघडा आणि कॉवेलला लिहिलेली तेवढी आधी वाचा.

एडवर्ड कॉवेल म्हणजे इप्सविचचा मुलगा, फिट्झपेक्षा १७ वर्षांनी लहान, पण फारसीतला गुरू तोच. १८५६ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत त्याला खय्यामचं हस्तलिखित मिळालं, १५८ रुबायांचं, त्याची नक्कल त्याने फिट्झला दिली आणि ऑगस्टात स्वतः बोटीत बसून कलकत्त्याला निघून गेला, प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रोफेसर म्हणून. नोव्हेंबरात फिट्झने लग्न केलं, वारलेल्या मित्राच्या, बर्नार्ड बार्टनच्या मुलीशी. मुलीकडे बघेन असा शब्द बार्टनला दिला होता असं मानतात. दोघंही पंचेचाळिशी उलटलेली, तिला घर टापटीप हवं, चारचौघांत जाणं-येणं हवं, याला जुना कोट आणि एकांत. काही महिन्यांतच दोघं वेगळे झाले.

म्हणजे बघा, जिवाभावाचा माणूस समुद्रापलीकडे, संसार मोडलेला आणि हातात खय्याम. त्या वर्षीची कलकत्त्याला गेलेली पत्रं म्हणजे रोज थोडं थोडं लिहीत वाढवलेली असायची, मधेच एखादी रुबाई, मधेच ही ओळ लागत नाही, तुला काय वाटतं. एका पत्रात तो बेडफर्डशायरला मित्राच्या, ब्राउनच्या, कुरणात बसलाय, सगळीकडे पिवळी फुलं, मस्त वारा सुटलाय, मांडीवर उमर, आणि ब्राउनची शर्यतीची शिंगी (तरुण घोडी) बिचकत बिचकत जवळ येऊन त्याला हुंगतेय. हाच ब्राउन १८५९ मध्ये घोड्याच्या अपघाताने गेला, त्याच वर्षी रुबाया छापून आल्या. माझं तर मत असं की रुबाया हे त्या पत्रव्यवहारातच रुजलेलं काम आहे, कॉवेल इंग्लंडातच राहिला असता तर दोघांनी संध्याकाळी बसून वाचलं असतं आणि तिथल्या तिथे संपलं असतं.

कडू_कारलं
बाड, तुम्ही फारच हळवे होता बुवा. मार्च १८५७ चं कॉवेललाच लिहिलेलं पत्र का नाही सांगितलंत? त्यात साहेब म्हणतात की या इराण्यांशी मनाला येईल तशी सूट घ्यायला मजा येते, हे काही आपण बिचकावं इतके मोठे कवी नाहीत, त्यांना जरा कलेने आकार द्यायला हवा. घरबसल्या वुडब्रिजमधून! काही वर्षं फारसी शिकलेला माणूस हे हाफिजच्या भाषेबद्दल बोलतोय. कविता सुंदर आहे, मीही पाठ केलीय, पण रिकामटेकडा पैसेवाला आणि व्हिक्टोरियन तोरा हे दोन्ही पत्रांत ठासून भरलंय, तेही बघत वाचा.

जुनं_बाड
तोरा आहेच की, कोण नाही म्हणतंय. पण हाच माणूस चारही आवृत्त्यांवर स्वतःचं नाव घालत नाही, हेही त्याच खात्यात लिहा. आणि खय्याम त्याच्या हाती देणारा कॉवेल चांगला धार्मिक, त्याला पुढे पस्तावा झाला, आपण मित्राला भलत्याच वाटेला लावलं म्हणून.

बोरीबंदर_लोकल
रद्दीचं विचारलंत ना, तर किस्सा असा. आधी त्याने थोड्या, जरा सोवळ्या रुबाया फ्रेझर्स मॅगझिनला दिल्या, त्यांनी वर्षभर दाबून ठेवल्या. शेवटी १८५९ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या, ७५ रुबाया, किंमत १ शिलिंग, बर्नार्ड क्वारिचच्या पुस्तकांच्या दुकानात विकायला. कुत्रं विचारेना. खुद्द फिट्झनेही मित्रांपैकी तिघांनाच दिली. मग क्वारिचने उरलेल्या प्रती दुकानाबाहेरच्या, एका पेनीला एक अशा पेटीत टाकल्या. १८६१ मध्ये व्हिटली स्टोक्सच्या हाती ती लागली, त्याने कवी-चित्रकार रोझेटीला दिली, रोझेटी कवी स्विनबर्नला घेऊन आणखी घ्यायला गेला तर दुकानदाराने तेवढ्यात भाव दोन पेनी केलेला, यावर स्विनबर्नची कुरकुर वाचण्यासारखी आहे. पुढची गंमत आपल्याकडची, हा स्टोक्स नोकरीवर मद्रासला आला आणि १८६२ मध्ये तिथे रुबायांची एक आवृत्ती निघाली, न विचारता, ती त्याचीच मानतात.

आणि कलासमीक्षक रस्किनचं पत्र? त्याने १८६३ मध्ये 'उमरच्या अनुवादकाला' म्हणून कौतुकाचं पत्र लिहून चित्रकार बर्न-जोन्सकडे ठेवलं, कोण ते कळलं की द्या म्हणून. फिट्झच्या हातात ते पडलं १८७३ मध्ये. आपलं पोस्ट बरं म्हणायची वेळ.

मधलीसुट्टी
पत्रं छापायच्या भानगडीतलं सगळ्यात मोठं लफडं राहिलंच की. कवयित्री एलिझाबेथ ब्राउनिंग १८६१ मध्ये वारली तेव्हा फिट्झने एका मित्राला लिहिलं की खरं सांगू का, मला तर सुटल्यासारखं वाटलं, आता तिच्या तसल्या लांबलचक कविता यायच्या नाहीत. खाजगीतला कुचकटपणा, आपण व्हॉट्सॅपवर करतो तसलाच. फिट्झ १८८३ मध्ये गेला, १८८९ मध्ये आल्डिस राइटने पत्रं छापली आणि हे वाक्य तसंच राहिलं. तिच्या नवऱ्याने, म्हाताऱ्या कवी रॉबर्ट ब्राउनिंगने ते वाचलं, भडकला, आणि मेलेल्या माणसावर अशी जहरी कविता छापून आणली की विचारू नका. त्याच वर्षी डिसेंबरात तोही गेला. मला यात राग संपादकाचा येतो, ती ओळ गाळायला काय धाड भरली होती?

कडू_कारलं
@मधलीसुट्टी गाळली असती तर तुम्हीच म्हणाला असतात की संपादकाने माणूस धुऊन-पुसून दाखवला.

निवांत_पाटील
आभार मंडळी, १८५६ पासूनच धरतो. ते मच्छीमाराचं प्रकरणही पत्रांत आहे का?

जुनं_बाड
आहे, लोस्टॉफ्टचा जोसेफ फ्लेचर ऊर्फ पॉश, साठीच्या दशकाच्या शेवटाची पत्रं बघा. फिट्झने त्याच्याबरोबर भागीत मासेमारीची बोट बांधली, हिशेब पॉश ठेवायचा, म्हणजे ठेवायचा नाही, वर पिणंही होतं. फिट्झला तो माणूस थोर वाटायचा, पत्रांत कौतुक संपत नाही आणि दोन पानांनी पैशांवरून डोकं धरून बसलेला. भागी मोडलीच शेवटी. खंड मोठे वाटले तर नटी फॅनी केंबलला लिहिलेली पत्रं वेगळ्या पुस्तकात आहेत, १८९५ चं, नेटवर फुकट मिळतं, ते आधी उतरवून घ्या.