रेकर्स सिनेमाच्या कितीतरी आधीचे

वर एकांनी लिहिलंय की ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या कथांमधली रेकर्स ही लढाऊ तुकडी २०११च्या सिनेमासाठी तयार केली. नाही हो. १९८६ साली ब्रिटनच्या मार्व्हल कॉमिकात ती पहिल्यांदा आली, लेखक सायमन फर्मन. म्होरक्या इम्पॅक्टर, मोहीम 'ऑपरेशन व्होल्कॅनो'. आपल्या बाजूचा नेता झारॉन याच्यावर झाडलेला वार इम्पॅक्टर स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरता मरता तुकडी सोबती स्प्रिंगरच्या हवाली करतो.

मी बेळगावचा. इथं लष्कराचा कमांडो कोर्स चालतो. पहाटे कॅम्पाच्या रस्त्यावर पिट्ठू घेऊन पळणारे जवान लहानपणापासून बघतोय. पट्टे खांद्यात रुतलेले, एखादा मागं पडला की त्याची रायफल शेजारचा उचलतो. म्हणून इम्पॅक्टरचं ते मरण मला खोटं वाटत नाही.

२०१०ची 'लास्ट स्टँड ऑफ द रेकर्स' ही कॉमिक मालिका मात्र वाचाच. गॅरस-९च्या तुरुंगावर खलनायक ओव्हरलॉर्डनं ताबा मिळवलाय, आणि तुकडीच्या नव्या भरतीतला रोटरस्टॉर्म लढाईला तोंड फुटायच्या आधीच मरतो. काळीज हलवतो तो आयर्नफिस्ट. रेकर्सच्या पराक्रमाच्या हकिकती टोपणनावानं लिहिणारा हा चाहता शेवटी त्यांच्याच तुकडीत येतो, डोक्यात रुतलेली गोळी घेऊन.