राष्ट्रकूटांचा इतिहास छंद म्हणून वाचायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

पांथस्थ :
नमस्कार. निवृत्तीनंतर इतिहासवाचन हाच माझा मुख्य विरंगुळा झाला आहे. शिवकाल आणि पेशवाई यांवर मराठीत इतके लिहिले गेले आहे की ते वाचायला एक जन्म पुरायचा नाही; सातवाहन आणि देवगिरीचे यादव यांचीही तोंडओळख शाळेत होते. मात्र इ. स. 753 ते 973 अशी दोनशे वीस वर्षे दख्खनवर सत्ता गाजवणारे आणि कनौजपर्यंत धडक मारणारे राष्ट्रकूट आपल्या गप्पांत कधी डोकावतही नाहीत. वेरूळचे कैलास लेणे पाहून परतलेल्या मंडळींना ते कोणाच्या काळात कोरले गेले असे विचारले, तर पहिल्या कृष्णाचे नाव क्वचितच कानी पडते. मी काही पुस्तके चाळली, पण दंतिदुर्ग, ध्रुव, तीन-तीन कृष्ण आणि चार-चार गोविंद यांच्या वंशावळीत गुरफटून गेलो. छंद म्हणून वाचणाऱ्याने या विषयात शिरावे कसे? शिवाय, हे घराणे कानडी असल्यामुळे त्याचा महाराष्ट्राशी फारसा संबंध नाही, असे एका स्नेह्यांनी मला ऐकवले. ते कितपत बरोबर आहे?

अक्षरवाटा :
वंशावळ तूर्त बाजूला ठेवावी आणि एखादा ताम्रपट शांतपणे पूर्ण वाचावा, असे मी सुचवेन. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी येथे सापडलेला शके 848, म्हणजे इ. स. 926 चा ताम्रपट त्यासाठी उत्तम आहे. त्या वेळी तिसरा इंद्र सम्राट होता आणि संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार मधुमती सुगतिप नावाच्या ताजिकाकडे होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप मानले जाते. हा अधिकार त्याला आधीच्या राजाने, दुसऱ्या कृष्णाने, दिला होता. त्याने लोकांसाठी नदी ओलांडायला विनामूल्य नावांची सोय केली आणि संजाणला अन्नछत्र घातले, जिथे साळीचा भात, कालवणे आणि तूप फुकट वाढले जाई, असे त्यात लिहिले आहे. पुढे याच सुगतिपाने इंद्राच्या संमतीने भगवती देवीच्या मठिकेला, म्हणजे लहान मठाला, जमीन दान दिली. एक मुसलमान प्रांताधिकारी हिंदू सम्राटाच्या नावाने देवीच्या मठिकेला दान देतो आणि त्याची नोंद संस्कृतात होते, एवढ्या एका दस्तऐवजातून दहाव्या शतकातला उत्तर कोकण जितका कळतो, तितका लढायांच्या सनावळ्या पाठ करून कळत नाही. हा लेख दिनेशचंद्र सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या इंग्रजी मालिकेत संपादित केला असून त्या मालिकेचे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात. इंग्रजी जरा रुक्ष आहे, पण प्रस्तावना वाचली तरी निम्मे काम होते.

शिळोपा :
अक्षरवाटा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी माझ्या मते वाचनाआधी पाय चालवावेत. वेरूळला सगळी गर्दी 16 क्रमांकाच्या, म्हणजे कैलास लेण्यात असते आणि शेजारच्या 15 क्रमांकाच्या दशावतार लेण्याच्या पायऱ्या फारसे कोणी चढत नाही. त्याच्या पुढच्या मंडपावर दंतिदुर्गाच्या काळातला लेख आहे, त्यात या घराण्याच्या सुरुवातीच्या राजांची नावे येतात. तुम्हाला छळणाऱ्या वंशावळीचा एक मूळ आधार तोच. तो पाहून मगच कैलासात जावे. बडोद्याला मिळालेल्या इ. स. 812 च्या कर्कराजाच्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचे वर्णन आहे: विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि ज्याने ते घडवले तो शिल्पकारही ‘हे मला जमले तरी कसे’ म्हणून अचंबित होतो. जवळपास बाराशे वर्षांपूर्वीचा हा अभिप्राय मला आजच्या कुठल्याही माहितीफलकापेक्षा खरा वाटतो. त्यानंतर नांदेड जिल्ह्यातले कंधार पाहावे. किल्ला, जगत्तुंग सागर हा तलाव आणि क्षेत्रपालाच्या अजस्र मूर्तीचे भग्न अवशेष असे सगळे एकाच गावात आहे. कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड, म्हणजे राजधानी मान्यखेट, शेवटी ठेवावे. माळव्याच्या परमार सीयकाने इ. स. 972 मध्ये ते लुटले आणि आज तिथे पाहण्यापेक्षा कल्पनेनेच अधिक भरून काढावे लागते.

गोदाकाठ :
तुमच्या स्नेह्यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. राष्ट्रकूट सम्राट पहिल्या अमोघवर्षाच्या पदरी ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला आद्य उपलब्ध ग्रंथ सिद्ध झाला, हे निर्विवाद आहे. पण त्याच ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे, तेव्हा आजची राज्यसीमा त्या काळावर लादण्यात अर्थ नाही. हे राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आपले लातूर. लोकांवरचे संकट टळावे म्हणून अमोघवर्षाने आपले बोट महालक्ष्मीला अर्पण केले, असे संजाणचा इ. स. 871 चा ताम्रपट सांगतो. इ. स. 851 च्या अरबी वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांत खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा (बायझंटाइन) बादशहा यांच्या जोडीला ‘बल्हरा’, म्हणजे राष्ट्रकूट वल्लभराज, गणला आहे. अरब प्रवासी अल मसूदी इ. स. 916 च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला तेव्हाही तो मुलूख त्याने बल्हराच्याच राज्यात धरला होता. ज्याला महाराष्ट्र नको आणि कर्नाटकही नको, त्याने हे घराणे खुशाल वगळावे.

पांथस्थ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिंचणीच्या ताम्रपटापासून सुरुवात करतो आणि हिवाळ्यात वेरूळ व कंधारची वाट धरतो. एक बारीकशी शंका: शके वर्षाचे इसवी सन काढताना कधी 78 तर कधी 79 मिळवलेले दिसते, ते का?

अक्षरवाटा :
शक वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. लेखात महिना व तिथी दिलेली असेल तर आधी ती पाहावी, म्हणजे गोंधळ होत नाही.